नव्याची किंमत आणि जुन्याचे मोल

एकच वस्तू, एकाच दुकानात, एकाच दिवशी दोन निराळ्या किमतींना विकली जात असेल, तर दुकानदाराच्या सचोटीविषयी आपल्या मनात शंका येते. तथापि असा एक व्यवहार आहे की ज्यात दोन किमती उघड्यावर, शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि त्यात कोणाचीही फसवणूक नसते. तो व्यवहार म्हणजे नव्या आणि वापरलेल्या वस्तूंचा. आज या दोन किमतींविषयीच मला आपल्याशी बोलायचे आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते मुलांच्या व्हिडिओ गेमचे. विषय पोरकट आहे, असे आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांना वाटेल. परंतु खेळण्याच्या किमतीत अर्थशास्त्र नसते असे थोडेच आहे? किंबहुना गंभीर वस्तूंच्या बाजारात जे झाकलेले राहते, ते कधी कधी खेळण्यांच्या बाजारात लख्ख दिसते.

नोकरीनिमित्त गेली काही वर्षे माझे वास्तव्य कोलकात्यात आहे. या शहराला जुन्याचा तिटकारा नाही. येथली ट्राम जुनी, वाडे जुने, आणि जुन्या वस्तूंची दुकाने तर पिढ्यान् पिढ्यांची. कॉलेज स्ट्रीटवर प्रेसिडेन्सीच्या कुंपणालगत लाकडी फळ्यांची जी पुस्तकांची खोपटी ओळीने उभी आहेत, त्या भागाला बंगाली माणूस प्रेमाने ‘बोईपाडा’, म्हणजे पुस्तकांची आळी, असे म्हणतो. पुणेकर श्रोत्यांना अप्पा बळवंत चौक आठवेल. मुंबईकरांना फ्लोरा फाउंटनजवळचे पदपथ आठवतील. त्या बोईपाड्यापासून चालत अर्ध्या तासाच्या आत आपण चांदनी चौकात पोहोचतो. दिल्लीच्या चांदनी चौकाशी याचा नात्याचा संबंध नाही, फक्त नावाचा. विजेची उपकरणे, संगणकाचे सुटे भाग, तारा, बटणे, दिवे यांचा हा बाजार. याच शहरात, गोदीच्या बाजूला, खिदिरपूरची फॅन्सी मार्केट आहे. परदेशी मालासाठी तिची ख्याती जुनी. अशा बाजारांतून व्हिडिओ गेमच्या नव्या आणि वापरलेल्या तबकड्या हात बदलतात. पुस्तकांची आळी आणि तबकड्यांचा बाजार यांची तुलना करता करता मला जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम किंमत कशी ठरते ते पाहू. नव्या तबकडीच्या डबीवर किंमत छापलेली असते. आपल्या वैधमापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे वेष्टित मालावर कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. त्याहून अधिक घेणे हा गुन्हा. २०२१ च्या सुमारास सोनी कंपनीच्या नव्या यंत्रासाठी निघालेल्या मोठ्या खेळांवर भारतात ४,९९९ रुपये अशी किंमत आढळू लागली. एक रुपया कमी ठेवण्याची ही व्यापारी लाज आपल्या परिचयाची आहे. ही किंमत दूर कोठेतरी ठरलेली असते. गिऱ्हाईक आणि दुकानदार या दोघांनाही ती मान्य करण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

वापरलेल्या तबकडीचे तसे नाही. तिच्या डबीवरची छापील किंमत हा आता निव्वळ इतिहास असतो. तिची खरी किंमत बोलण्यातून ठरते. दुकानदार एक आकडा सांगतो, गिऱ्हाईक डबी उलटीपालटी करून पाहते, तबकडी काढून दिव्याखाली धरते, आणि घासाघीस सुरू होते. नव्याची किंमत वाचायची असते, जुन्याची ऐकायची आणि ऐकवायची असते. कॉलेज स्ट्रीटवरही तेच. तेथे जुन्या पुस्तकाची किंमत विचारणाऱ्याचा चेहरा आधी वाचला जातो, मग भाव सांगितला जातो.

आता प्रश्न असा की जुन्या तबकडीची किंमत नव्याहून कमी का असावी? आपण म्हणाल, यात विचारण्यासारखे काय आहे? वापरलेली वस्तू झिजते, म्हणून ती स्वस्त. वहाणांच्या बाबतीत हे खरे आहे, सायकलच्या बाबतीतही खरे आहे. पण तबकडीवर खोल ओरखडा नसेल, तर तिच्यातला खेळ पहिल्या दिवशी जसा चालला तसाच शंभराव्या दिवशी चालतो. जुन्या तबकडीत शत्रू कमी नसतात, की तिच्यातल्या फुटबॉलपटूंना दम लागत नाही. मग झिजते काय?

माझ्या मते वस्तू दोन प्रकारांनी जुनी होते. एक, ती स्वतः झिजते. याला हिशेबनीस घसारा म्हणतात. दुसरे, मालकाचे तिच्याविषयीचे औत्सुक्य झिजते. पुस्तके आणि खेळ यांचा घसारा मुख्यतः या दुसऱ्या जातीचा. कथा संपली, रहस्य उलगडले, अखेरचा टप्पा सर झाला की त्या मालकाच्या लेखी वस्तूचे काम झाले. ज्याने ती पाहिलेली नाही त्याच्यासाठी मात्र ती पूर्ण ताजी असते. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपण उपहासाने वापरतो. या बाजारात ती अक्षरशः खरी आहे, आणि गंमत अशी की एकाचे नऊ दिवस संपले की दुसऱ्याचे नऊ दिवस सुरू होतात.

म्हणूनच सर्व खेळांचे भाव सारख्या वेगाने उतरत नाहीत. फुटबॉलचा जो खेळ दरवर्षी नव्या संघांसह निघतो, त्याची गतवर्षीची आवृत्ती म्हणजे गेल्या वर्षीचे पंचांग. फीफाचे नाव धारण करणारी त्या मालिकेची अखेरची आवृत्ती २०२२ साली निघाली आणि पुढच्या वर्षी तोच खेळ नव्या नावाने आला. फुटबॉलवेड्या कोलकात्यातही मागच्या आवृत्तीकडे मग कोण ढुंकून पाहणार? उलट निन्टेन्डो या जपानी कंपनीचे काही खेळ वर्षानुवर्षे आपला भाव राखून असतात. कॉलेज स्ट्रीटचा न्यायही हाच आहे. अभ्यासक्रम बदलला की क्रमिक पुस्तक रद्दीच्या वाटेला लागते. चांगला शब्दकोश मात्र पाठीचा कणा मोडला तरी आपली ऐट सोडत नाही. आणि फ्री स्कूल स्ट्रीटवर, ज्याला आज मिर्झा गालिब स्ट्रीट म्हणतात, जुन्या ध्वनिमुद्रिकांची जी दुकाने आहेत तेथे तर काळाने उलटीच किमया केलेली दिसेल. एके काळी अडगळीत गेलेली गाण्याची तबकडी आज दुर्मिळ म्हणून मूळ किमतीच्या कितीतरी पट दाम मागते. जुने ते सोने, हे वचन नेहमी खरे नसले तरी कधी कधी रोकडीने खरे ठरते.

किंमत कमी असण्याचे दुसरे कारण म्हणजे संशय. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. अमेरिकेत सदोष मोटारीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. अॅकरलॉफचे म्हणणे थोडक्यात असे : मोटार चांगली आहे की लिंबू, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच जुन्या मोटारींना कमी भाव देतो. मग चांगल्या मोटारींचे मालक बाजारात येतच नाहीत, आणि बाजारात लिंबेच उरतात. म्हणजे अज्ञानाचा दंड अखेर सर्वांनाच भरावा लागतो.

तबकडीच्या दुकानात हा दंड कसा टळतो ते पाहण्यासारखे आहे. चांगला दुकानदार तबकडी यंत्रात घालून, खेळ सुरू करून दाखवतो. चार-आठ दिवसांत बिघाड दिसला तर बदलून देण्याचे तोंडी वचन देतो. हेच वचन पदपथावर बसलेला, उद्या तेथे असेल की नाही याची शाश्वती नसलेला विक्रेता देऊ शकत नाही. त्यामुळे पदपथावर तीच तबकडी आणखी स्वस्त मिळते. दुकानातली जुनी तबकडी आणि पदपथावरची जुनी तबकडी यांच्या किमतीतला जो फरक, तो विश्वासाचा भाव होय. विश्वासही रुपया-आण्यात मोजता येतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने असा एक फेरफटका अवश्य मारावा.

आतापर्यंत मी दोन किमतींविषयी बोललो. वास्तविक या बाजारात तिसरीही एक किंमत असते. ती पाटीवर कधी लिहिलेली नसते, आणि खरा हिशेब तिच्यातच दडलेला असतो. ती म्हणजे आपली वापरलेली तबकडी परत घेताना दुकानदार जो भाव देतो ती. दुकानदार याला ‘एक्स्चेंज’ म्हणतो. आपल्याकडे दारावर येणारी बोहारीण आठवते ना? जुन्या साड्या घेऊन ती भांडे देते. आपल्याला वाटते जरीकाठाला पातेले स्वस्तात मिळाले. तिला ठाऊक असते की जरीकाठाचे पुढे काय होणार. एक्स्चेंजचे दुकान म्हणजे काचेच्या कपाटातली बोहारीणच.

समजा, पाच हजारांची नवी तबकडी आपण घेतली आणि महिन्याभराने ती परत देताना दुकानदाराने अडीच हजार दिले. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतो आहे. म्हणजे त्या खेळाचा आपल्याला पडलेला खर्च पाच हजार नव्हे, अडीच हजार. दुकानदार ती साडेतीन हजारांना दुसऱ्याला विकतो. तो दुसरा गडी आणखी महिन्याने ती दोन हजारांना परत देतो. त्याचा खर्च दीड हजार. आता कोणी म्हणेल, नवी पाच हजारांना आणि जुनी साडेतीन हजारांना, म्हणजे जुनी घेण्यात दीड हजारांची बचत. ही वजाबाकी अपुरी आहे. घेतानाची किंमत उणे विकतानाची किंमत, हाच खेळाचा खरा खर्च. आणि त्या मापाने पाहिले तर दोघांतला फरक दीड हजारांचा नसून एक हजाराचा आहे. दुकानदाराने अडीच हजारांना घेऊन साडेतीन हजारांना विकली, त्यातून त्याचे भाडे, वीज, अडकून पडलेले भांडवल आणि न खपलेल्या तबकड्यांचे ओझे भागते. अमेरिकेत गेमस्टॉप नावाची दुकानांची एक मोठी साखळी आहे. २०१० नंतरच्या काही वर्षांतील तिचे वार्षिक अहवाल पाहिले, तर नव्या खेळांवर तिचा ढोबळ नफा विक्रीच्या सुमारे एक-पंचमांश आणि वापरलेल्यांवर जवळजवळ निम्मा असल्याचे दिसते. नव्या मालाने दुकान सजते, जुन्या मालाने ते चालते, हे व्यापारी रहस्य त्या आकड्यांत उघडे पडले आहे.

सरकारी नोकर असल्यामुळे कराचा उल्लेख टाळणे मला शोभणार नाही. वस्तू व सेवा कराच्या नियमांत जुन्या मालाच्या व्यापाऱ्यासाठी एक समंजस तरतूद आहे. अटी पाळून ती स्वीकारली तर त्याला संपूर्ण विक्रीकिमतीवर कर द्यावा लागत नाही. खरेदी आणि विक्री यांतील फरकावरच द्यावा लागतो. आमच्या उदाहरणात म्हणजे साडेतीन हजारांवर नव्हे, एक हजारावर. कारण नवी असताना तिच्यावर पूर्ण कर भरून झालेला आहे. त्याच वस्तूवर पुन्हा पुन्हा पूर्ण कर घेणे न्याय्य नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. छापील पुस्तकांना तर या करातून सूटच आहे. वस्तू हातोहात फिरावी, हे कायद्यालाही अमान्य नाही.

ही फिरती वस्तू कोणाच्या उपयोगी पडते? एका संध्याकाळी चांदनीतल्या एका लहानशा दुकानात मी उभा होतो. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा दप्तरातून तीन तबकड्या काढून काउंटरवर मांडत होता. दुकानदाराला तो ‘काकू’ म्हणत होता. मराठी कानांना हे ऐकून क्षणभर गंमत वाटते, कारण बंगालीत काकू म्हणजे काका. ‘काकू, या तिन्ही घ्या आणि ती एक द्या,’ असा त्याचा प्रस्ताव होता. दुकानदाराने तिन्ही तपासल्या, एक बाजूला सारली आणि वर तीनशे रुपये मागितले. मुलाने खिशातून दोनशे काढले. पुढचे बोलणे बराच वेळ चालले, आणि अखेर ती बाजूला सारलेली तबकडीही काउंटरच्या पलीकडे गेली. मुलगा नवा खेळ घेऊन निघाला, दोनशे रुपयांत. त्याच्यापाशी पाच हजार रुपये नव्हते, आणि बहुधा कधी एकरकमी येणारही नव्हते. त्याचे भांडवल म्हणजे आधीचे खेळ. ज्या वस्तू त्याने जपून वापरल्या, त्यांनीच त्याला पुढची वस्तू मिळवून दिली. कॉलेज स्ट्रीटवर किती गरीब विद्यार्थ्यांनी याच रीतीने एका वर्षाची पुस्तके विकून दुसऱ्या वर्षाची घेतली असतील, याची गणती कोण करणार?

परंतु या व्यवहारात एक पक्ष असा आहे की ज्याच्या पदरात काहीच पडत नाही. तो म्हणजे खेळ निर्माण करणारा. मोठ्या खेळामागे शेकडो चित्रकार, संगीतकार, गणिती आणि लेखक यांचे कित्येक वर्षांचे श्रम असतात. तबकडी पहिल्यांदा विकली जाते तेव्हा त्यांना मोबदला मिळतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकली जाते तेव्हा मिळत नाही. त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. पुस्तकाच्या लेखकाची स्थितीही हीच आहे, आणि तिचा निवाडा फार पूर्वी झालेला आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीवर सूचना छापली होती की, एक डॉलरपेक्षा कमी किमतीला ही विकल्यास प्रताधिकाराचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, एकदा प्रत विकल्यावर तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाची सत्ता चालत नाही. आपल्याकडेही १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात पुस्तकाच्या ज्या प्रती एकदा प्रसारात आल्या, त्यांच्या फेरविक्रीवर लेखक-प्रकाशकाचा हक्क राखलेला नाही. कॉलेज स्ट्रीट उभा आहे तो या तत्त्वावर.

शिवाय निर्मात्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पाच हजार देऊन नवी तबकडी घेणारा माणूस मनातल्या मनात पुढचे अडीच हजार धरूनच चालतो. परत विकण्याची सोय नसती, तर त्यांतल्या कित्येकांनी पाच हजार दिलेच नसते. जुन्याचा बाजार नव्याच्या बाजाराला खालून आधार देत असतो. तो काढून घेतला तर वरचा मजला तसाच उभा राहील असे समजू नये.

तरीही तो आधार काढण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांचा क्रम बोधप्रद आहे. पहिला प्रयत्न २०१० साली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने आपल्या काही खेळांसोबत एकदाच वापरता येणारा एक संकेतांक द्यायला सुरुवात केली. पहिल्या मालकाने तो वापरला की, दुसऱ्याला दूरस्थ मित्रांशी खेळण्यासाठी निराळे पैसे मोजावे लागत. म्हणजे जी तबकडी आपोआप झिजत नव्हती, तिला मुद्दाम झिजवण्याची ही युक्ती. गिऱ्हाइकांचा रोष ओढवून घेऊन कंपनीने २०१३ मध्ये ती सोडून दिली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या यंत्राची घोषणा केली. त्यासोबत आलेल्या नियमांत वापरलेल्या खेळांच्या देवघेवीवर अनेक बंधने होती. जगभर असा गदारोळ उठला की, जून महिन्यात, यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, ते नियम मागे घ्यावे लागले.

दोन प्रयत्न हरले. तिसरा जिंकतो आहे, आणि तो सक्तीने नव्हे, सोयीने. आता खेळ तबकडीविनाच मिळतो. घरी बसून पैसे भरावेत आणि तारेतून खेळ यंत्रात उतरवून घ्यावा. सोनीचे पाचवे यंत्र २०२१ साली भारतात विक्रीस आले तेव्हा त्याचे दोन प्रकार होते. तबकडीचे घर असलेले ४९,९९० रुपयांना आणि ते नसलेले ३९,९९० रुपयांना. पुढे या किमती बदलल्या. परंतु तेव्हाचा दहा हजारांचा फरक मला फार अर्थपूर्ण वाटतो. घाईत असलेला बाप म्हणेल, दहा हजार वाचले. पण जो हिशेब आपण मघाशी केला तो येथे लावून पाहा. दर नव्या तबकडीमागे अडीच हजार परत मिळत असतील, तर चार खेळांतच ते दहा हजार वसूल होतात. पाचव्या खेळापासून स्वस्त यंत्र महाग पडू लागते. तारेवरच्या दुकानात अधूनमधून मोठी सूट मिळते, हे खरे; थांबण्याची तयारी असणाऱ्याला दोन हजारांतही मोठा खेळ मिळून जाईल. तथापि त्या दोन हजारांतला एकही रुपया परत यायचा नाही. शेजारच्या मुलाला तो खेळ देता येणार नाही, धाकट्या भावंडाला वाढदिवसाची भेट म्हणून डबीत घालून देता येणार नाही, आणि चांदनीतल्या त्या काउंटरवर तो मांडता येणार नाही. अशा खेळाला जुनी किंमत नसते, कारण तो जुना होऊच शकत नाही.

मग आपण विकत घेतले तरी काय? वापरण्याची परवानगी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली एक कायदा केला आणि तो २०२५ च्या आरंभापासून अमलात आला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर ‘खरेदी करा’ असे म्हणून विकणाऱ्याने ती गोष्ट स्पष्ट केलीच पाहिजे, असे त्या कायद्याचे सांगणे आहे. आणि परवानगी काढूनही घेता येते. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ नावाच्या आपल्या मोटारशर्यतीच्या खेळाची यंत्रणा २०२४ च्या मार्चअखेर बंद केली. तो खेळ त्या यंत्रणेशी जोडल्याशिवाय चालतच नव्हता. त्यामुळे ज्यांच्याजवळ तबकडी होती त्यांच्या हातीही निरुपयोगी चकती उरली. खेळांच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२३ साली पाहणी केली, तीत असे आढळले की २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात नवे मिळत नाहीत. ते पाहायचे तर जुनी तबकडी, जुने यंत्र आणि जुन्याचा दुकानदार, हेच शरण जाण्याचे स्थान.

येथे मला कोलकात्यातील एका मराठी माणसाची आठवण होते. सखाराम गणेश देउस्कर हे मराठी घराण्यातले. परंतु त्यांनी बंगालीत लिहिले, आणि त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध होऊन स्वदेशीच्या काळात घरोघर गेले. देशाची आर्थिक लूट कशी होते हे त्यात आकड्यांनी मांडले होते. १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. दुकानांत नवी प्रत मिळण्याचा मार्ग बंद झाला. परंतु ज्या प्रती लोकांच्या घरांत पोहोचल्या होत्या, त्या एका हुकमाने कोऱ्या होऊ शकत नव्हत्या. सरकारला त्या एकेक करून शोधाव्या लागल्या असत्या. पुस्तक आणि व्हिडिओ गेम यांची तोलाने तुलना करण्याचा अविचार मी करीत नाही. एवढेच म्हणतो की, वस्तू वाचकाच्या हाती असणे आणि विक्रेत्याच्या कोठीत असणे यांत किती अंतर आहे, ते अशा वेळी कळते.

हातातली वस्तू अमर असते, असाही माझा दावा नाही. २०२० च्या मे महिन्यात अम्फान वादळाने कोलकात्याला झोडपले, तेव्हा कॉलेज स्ट्रीटवर साचलेल्या पाण्यात पुस्तके तरंगत होती. नवी आणि जुनी असा भेद त्या पाण्याने केला नाही. तबकडीलाही बुरशी लागते, ओरखडे पडतात. शिवाय जुन्याच्या बाजाराच्या आडोशाने चोरट्या नकलांचा धंदाही चालत आलेला आहे. माझ्या पिढीला ‘९९९९ खेळ’ अशी जाहिरात करणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्या आठवत असतील. त्यांत मोजके खेळ पुनःपुन्हा नावे बदलून येत. नक्कल आणि जुनी वस्तू या दोन गोष्टींत गल्लत होता कामा नये. नकलेत निर्मात्याचे पहिले देणेही बुडते. जुन्या वस्तूत ते चुकते झालेले असते. तबकडीविना मिळणाऱ्या खेळाची सोयही खरी आहे. ज्याला बाजार गाठणे अवघड आहे, त्या खेड्यातल्या मुलासाठी ती मोलाची आहे. ती सोय घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. फक्त तिची किंमत पाटीवर दिसते त्याहून अधिक आहे, हे ओळखून ती घ्यावी.

तेव्हा, श्रोतेहो, मुलांसाठी असा खेळ घेण्याचा प्रसंग आपल्यावर आला, तर नव्याची किंमत विचारा, जुन्याची विचारा, आणि मग दुकानदाराला तिसरा प्रश्न विचारा : ‘महिन्याभराने ही परत आणली तर काय द्याल?’ त्या उत्तरावरून पहिल्या दोन किमतींचा खरा अर्थ आपल्याला कळेल. मुलांना शक्य तर सोबत न्या. वस्तू जपून वापरली तर तिचे पैसे उठतात, आपले काम झाले की ती दुसऱ्याच्या कामी येते, आणि भाव ठरवताना समोरच्या माणसाशी बोलावे लागते, हे तीन धडे त्या काउंटरवर फुकट मिळतात. आणि दुकानदाराने ‘ही परत घेता येणार नाही’ असे सांगितले, तर निदान एवढे तरी मनाशी नोंदवून ठेवा की आपण वस्तू घेतलेली नाही, फक्त तिचे भाडे आगाऊ भरले आहे.